तांदळ्या दगडाचा निवाडा

माझ्या मामाची मळई, ओढ्याच्या गाळाची शेतजमीन, मी घालवली. त्यासाठी मी भांडण केलं नाही की कोर्टकचेरी केली नाही. पुण्याच्या कॉलेजात शिकलेली दोन-चार वाक्यं चारचौघांत बोललो, एवढंच. ती चुकीची होती हे मला पाच महिन्यांनी कळलं, आणि कळल्यावर मी साडेतीन वर्षं गप्प बसलो. चूक एकदाच झाली, पण गप्प बसणं मला रोज सकाळी उठून नव्यानं करावं लागत होतं. आज पन्नाशी ओलांडल्यावर हे लिहायला बसता येतंय, कारण शेवटी मी बोललो. ते किती उशिरा आणि कसं, हे मात्र नीट सांगितलं पाहिजे.

पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटाकडे जाताना डाव्या-उजव्या अंगाला जी लहान लहान खोरी लागतात, त्यांतल्या एकात आमची वाडी. शेजारच्या खोऱ्यात आईचं माहेर. मध्ये डोंगराची एक सोंड. दोन्हीकडून एकेक व्हाळ, म्हणजे ओढा, खाली येतो, सोंडेच्या टोकाशी दोन्ही एकत्र होतात आणि पुढे सावित्रीला मिळतात. आईचं माहेर इतकं जवळ, की सकाळी अंगणात उभं राहिलं तर सोंडेवरून तिच्या भावाच्या चुलीचा धूर दिसायचा. धूर उशिरा दिसला की ती म्हणायची, “वैनीचं सरपण ओलं दिसतंय.” ती पाणी भरता भरता हे बोलायची आणि थोरले काका ओटीवरून ओरडायचे, “तुजं ध्यान माहेरच्या चुलीत, हितं चा कवा व्हनार?” काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, घराचे आणि जवळजवळ वाडीचेही कारभारी. बाबा त्यांच्यापुढे बोलत नसत. बाबा तसे कोणापुढेच फारसे बोलत नसत.

दोन्ही व्हाळ सख्खे शेजारी, पण एकमेकांसारखे मुळीच नव्हते. आमचा व्हाळ अरुंद, दोन्ही बाजूंना उभे काळे कडे, वर एक मोठा धबधबा, पात्रात म्हशीएवढाले धोंडे. मामाकडचा व्हाळ ऐसपैस. त्याच्या दोन्ही अंगांना उतार, उतारावर नाचणी-वरीचे तुकडे, पात्रात बारीक गोटे आणि रेव. पावसाळ्यात घरात बसून आम्ही दगड ऐकायचो. पूर चढला की आमच्या व्हाळातले काळे धोंडे एकमेकांवर आदळून लोखंडासारखे वाजत, आणि जेवताना पाटाखालची जमीन थरथरे. मामाच्या घरी राहायला गेलो की तोच पूर वेगळा ऐकू यायचा, मोठ्या सुपात कोणीतरी कुळीथ पाखडावेत तसा. मामेभाऊ महादू आणि मी गोधडीत पडून ऐकत असू, आणि मामी ओल्या हातानं आम्हाला कुळथाचं पिठलं नि गरम भात खायला उठवी. मला तिथं झोप चांगली लागायची.

मामाच्या व्हाळातला दगड वेगळा होता. करडा, हलका, भोकाभोकांचा, आणि त्या भोकांतून पांढरी गारगोटी भरलेली. तांदूळ सांडल्यासारखी दिसते म्हणून आमच्याकडे त्याला तांदळ्या म्हणत. आमचा दगड नुसता काळा. या दोन दगडांवर आमच्याकडची एक जुनी रीत उभी होती. पूर ओसरला की दोन व्हाळ मिळतात तिथं गाळ-गोट्यांची मळई राहते. पावसाळ्यानंतर तिच्यात वाल, वांगी, मिरची इतकी जोमानं येते की वर्षाची भाजी निघते. पण मोठ्या पुरात जुनी मळई वाहून जाते आणि नवी दुसऱ्याच जागी पडते. मग ती कोणाची? तलाठ्याच्या कागदावर ती नव्हतीच. म्हणून दसरा झाल्यावर दोन्ही वाड्यांची माणसं तिथं जमत. देवळाच्या गुरवाची जमीन कुठल्याच व्हाळावर नव्हती. त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधत, आणि तो मळईवर पाच ठिकाणी वाकून पाच पाट्या दगड भरे. मग काळे एका ढिगात, तांदळे दुसऱ्या ढिगात. ज्याचा ढीग मोठा, त्या व्हाळानं ती मळई आणून टाकली, म्हणून ती त्या वाडीची. पुढचा मोठा पूर येईपर्यंत त्यावर कोणी तोंड उघडायचं नाही. आज मला वाटतं, खोऱ्याचा अभ्यास करायला याहून सरळ पद्धत कुठल्या पुस्तकात नसेल. पण तेव्हा मला पुस्तकाचीच धुंदी होती.

मी पुण्याला भूगर्भशास्त्र शिकायला गेलो होतो. वाडीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुसऱ्या वर्षी दसऱ्याला जोडून रजा काढून घरी आलो, तर त्या पावसात मामाकडची जुनी मळई पार धुऊन गेली होती आणि संगमाच्या मधोमध पहिल्यापेक्षा दुप्पट मोठी नवी पडली होती. महादू माझ्याच वयाचा. शाळा सोडून त्यानं शेती धरली होती. मला वाटेतच भेटला आणि म्हणाला, “सदा, यंदा मिरची लावतो बग. वाडीतल्या समद्यांनी मिळून मलाच कसायला सांगितलीय. नायतर मुंबयच हाय, गोदीत.” मुंबईचं तो असं बोलला जसं कोणी तापाचं बोलतं.

पाट्या भरण्याच्या दिवशी गुरवानं फडकं बांधून दगड काढले, चार पोक्त माणसांनी ते वेगळे केले. दहा दगडांत सहा तांदळे, चार काळे, असं प्रमाण पडलं. मामाच्या वाडीची माणसं हसू लागली. तेवढ्यात काका म्हणाले, “थांबा. आमचा सदा दगडाचंच शिकतोय. त्याला काय वाटतं ते इचारू.” आदल्या दिवशी जेवताना मी काकांना डोंगराचे थर कसे बनले ते ऐटीत सांगितलं होतं. ते त्यांनी बरोबर ध्यानात ठेवलं होतं.

मी पुढे झालो. मामा समोरच एका धोंड्यावर टेकून बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून. माझ्याकडे कौतुकानं पाहत होता, हे मला अजून दिसतं. मी म्हणालो, “सगळा सह्याद्री तापलेल्या रसाच्या थरांनी बनलाय. थर आडवे, भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक. पुढे हा सगळा भाग उचलला गेला आणि नद्यांनी तो कापला. त्यामुळं जो थर मामांच्या खोऱ्यात आहे, तो मधल्या डोंगरातून आरपार आपल्याही खोऱ्यात असणारच. म्हणजे तांदळ्या दोन्ही व्हाळांतून येतो. तो निम्मा निम्मा धरायला पाहिजे.”

सहांतले तीन आमच्याकडे आले. काळे चार होतेच. आमचे सात, त्यांचे तीन.

मग महादू म्हणाला, “मग त्याच हिशेबानं काळा बी दोनीकडनं येत आसंल की. त्यो का निम्मा नाय धरायचा?”

प्रश्न इतका सरळ होता की माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो बरोबर बोलतोय हे मला त्याच क्षणी कळलं. पण काका पाहत होते, सगळी वाडी पाहत होती. मी दोन-तीन इंग्रजी शब्द बोललो, दगडाच्या घट्टपणाचे आणि खनिजांचे, ज्यांचा त्या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. महादूला ते कळले नाहीत. कळू नयेत म्हणूनच मी ते बोललो होतो. मामा उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “शिकलेला मानूस सांगतोय तर आसंल. चल रं महादू.” त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी त्या संध्याकाळी काकांनी सुक्या बोंबलांचं कालवण करायला लावलं. आईनं केलं, वाढलं. माझ्या पानात भात घालताना ती हळूच म्हणाली, “दोनी व्हाळांतनं सरपन आनलंय मी, तिकडं पोरगी आसताना आनि हिकडं सून झाल्यावर. आपल्या व्हाळात तांदळ्या मी तरी नाय बघितला.” मी म्हणालो, “आई, तो मातीखाली असेल. शास्त्र आहे ते.” ती कालवणाचं भांडं घेऊन काकांच्या पानाकडे वळली. भाऊबीजेला मामा आला नाही. आई अंगणात पाट मांडून बराच वेळ उभी राहिली, आणि दिवेलागणीनंतर भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं तिनं चंद्राला ओवाळलं. भाऊ हाकेच्या अंतरावर होता. अशा चार भाऊबीजा तिनं काढल्या. पाचव्या वर्षी मामा येऊन त्या पाटावर बसला, आणि तिनं त्याला इतकं मोठं कुंकू लावलं की ते नाकावर सांडलं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ते आठवल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही.

फाल्गुनात मी पुन्हा घरी आलो, या वेळी हातोडा आणि नकाशा घेऊन. आमच्या सरांनी प्रत्येकाला आपापल्या भागातलं एक खोरं चालून त्याचा नकाशा करायला सांगितलं होतं. मी दोन्ही व्हाळ निवडले. मनात होतं, आमच्या व्हाळात तांदळ्याचा थर सापडला की झोप लागेल. तीन दिवस मी आमचा व्हाळ खालपासून धबधब्याच्या माथ्यापर्यंत चढलो. काळ्यावर काळा. तांदळ्याचा एक खडा नाही. मग सोंड ओलांडून मामाच्या बाजूला उतरलो, कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून भर दुपारचा. तिथं तो थर होता, चांगला दोन पुरुष उंच. त्याच्या वरही काळा, खालीही काळा. म्हणजे मामाच्या व्हाळातून तांदळ्या तर येतच होता, काळाही येत होता. मी तो थर हातानं धरून सोंडेकडे चालत निघालो. दोन पुरुषांचा कमरेएवढा झाला, कमरेचा वीतभर, मग गेरूची बोटभर लाल रेघ, आणि सोंडेच्या कण्यापाशी ती रेघही संपली. आमच्या बाजूला तो थर कधी आलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी घावनं घालत होती. तिनं पीठ तव्यावर ओतलं, ते मध्ये जाड आणि कडेला पातळ होत गेलं, भोकं पडत गेली, आणि तवा संपायच्या आत घावन संपलं. मी पाहतच राहिलो. मी चारचौघांत भाकरीची चळत सांगितली होती, आणि डोंगरात तर घावनं होती, प्रत्येक कुठं ना कुठं संपणारं. मग बाकी सगळंच उलगडलं. सह्याद्री उचलला गेला तेव्हा दोन्ही खोरी सारखीच उचलली गेली. उंचीही तीच, पाऊसही तोच. पण आमच्या व्हाळाला घट्ट काळा कापावा लागला, म्हणून तो अरुंद राहिला, कडे उभे राहिले, धबधबा राहिला. मामाच्या व्हाळाला मऊ थर मिळाला, त्यानं तो पोखरला, कडे ढासळले, खोरं रुंद झालं आणि गोट्यांची रास खाली आली. मळई घडवणारा व्हाळ त्याचाच होता. लहानपणी मी गोधडीतून जे ऐकत होतो तेच हे होतं, पण मला ते नकाशा काढल्यावर कळलं.

“काय बगतोस? खा की,” आई म्हणाली. मी खाल्लं. तिला सांगितलं नाही. महादू होळी होताच मुंबईला गेल्याचं तिनंच मला सांगितलं. त्या दिवशी पानात मळईवरच्या वालाचं बिरडं होतं. सरांना मी नकाशा दिला, त्यांनी त्याचं कौतुक केलं, वर्गात दाखवला. त्यावर सगळं खरं काढलेलं होतं. माझ्या वाडीला मात्र तो वाचता येत नव्हता, आणि त्याचा मला आधार वाटला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

पुढे मी महाडला शाळेत मास्तर झालो. एका रविवारी सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर मामा अचानक भेटला. गुडघे धरले होते म्हणून कोणाच्या बैलगाडीतून आला होता. दोघेच काठावर बसलो, पाय पाण्यात सोडून. मी मनात वाक्य जुळवत होतो. मामानं विचारलं, “काय रं मास्तर, ह्ये पानी गरम कशानं? खाली कोन चूल पेटवतंय?” आणि मी सुटलो. जमिनीतल्या भेगा, खोल उतरणारं पावसाचं पाणी, खालची उष्णता, सगळं सांगितलं. तासभर बोललो असेन. मामा मान डोलवत राहिला. शेवटी म्हणाला, “लई शिकलास.” आणि मुंडासं बांधून गाडीकडे निघाला. लंगडत जाणारी ती पाठ पाहून मी मनात म्हटलं, पुढच्या वेळी नक्की.

पुढची वेळ व्हाळांनीच आणली. त्यानंतरच्या पावसात पुन्हा मोठा पूर आला, मळई मोडली आणि नवी पडली. दसऱ्यानंतर पाट्या भरायचं ठरलं. मी महाडहून गेलो. महादूही मुंबईहून रजेवर आला होता, चांगला अंगानं भरलेला, मनगटावर घड्याळ. माझ्याकडे पाहून नुसता हसला. गुरवानं दगड काढले, ढीग झाले. तांदळ्याचा ढीग पुन्हा मोठा. काका उठले आणि म्हणाले, “मास्तराचा नियम लावा. तांदळ्या निम्मा निम्मा.” कोणी हरकत घेतली नाही. मामाच्या वाडीची माणसं जागची हलायलाही लागली. माझ्या तोंडून गेलेलं ते वाक्य आता रीत झालं होतं. माझ्यामागून माझी आणि महादूची पोरं याच नियमानं दगड मोजणार होती, आणि मळई कायमची एकाच वाडीकडे जाणार होती.

“नियम चुकीचा आहे,” मी म्हणालो.

काका माझ्याकडे वळले. “काय?”

मी पुढे झालो आणि सांगितलं. तांदळ्याचा थर मामांच्या खोऱ्यातच आहे, सोंडेत संपतो. काळा मात्र त्यांच्या व्हाळातूनही येतो. महादूनं त्या दिवशी विचारलं ते बरोबर होतं. जुनी रीतच खरी होती. उलट तिच्यातही मामांच्या वाडीला थोडं कमीच मिळत होतं. थर कसा पातळ होत गेला, व्हाळ रुंद का झाला, हेही मी सांगत सुटलो. काका कडाडले, “घरचा मानूस हायस का शत्रू? चार वर्सं घरात वाल खाल्लास तवा न्हाई आठवलं?” ते खरं होतं. मी होकारानं मान हलवली. तेव्हा बाबा, जे कधी काकांपुढे बोलत नसत, खालच्या आवाजात म्हणाले, “दादा, ऱ्हाऊ दे. पोरगं खरं बोलतंय. याच्या आईनं बी तेच सांगितलं व्हतं.” काका खाली बसले. गुरवानं दोन ढिगांकडे पाहिलं आणि म्हणाला, “तांदळ्या मोठा. मळई पलीकडची.” कोणीतरी मामाच्या वाडीतला आनंदानं ओरडला. महादू म्हणाला, “अरं पन मला आता बोटीवरच्या क्रेनची सवय झालीय, मिरची कोन लावनार?” सगळे हसले. काकाही थोडे हसले असावेत, कारण त्यांनी तोंड फिरवलं.

महादू नंतर मला म्हणाला, मुंबईत त्याचं बरं चाललंय, मी वाईट वाटून घेऊ नये. मी ते ऐकून घेतलं, पण तेवढ्यानं माझी सुटका होत नव्हती. त्याचं बरं चाललं ते त्यानं स्वतः चालवलं होतं.

माणसं पांगू लागली. मामा त्याच्या धोंड्यावरून उठला नाही. मी जवळ गेलो आणि, काय सांगू, पुन्हा थराबद्दलच बोलायला लागलो. सोंडेपलीकडे तो का संपला असेल, रस तिथवर पोचायच्या आत थिजला असेल का, वगैरे. मामानं हात वर करून मला थांबवलं.

“सदा,” तो म्हणाला, “ह्ये झालं शिकवनं. सवला बी शिकवलंस, मी आयकलं. तुला ठावं कवा झालं?”

“त्याच फाल्गुनात.”

“आनि?”

तो वाट पाहत होता. चार वर्षांपूर्वी जसा बसला होता तसाच, गुडघ्यावर हात ठेवून, मान जरा वर करून. मी त्याच्यासमोर खाली गोट्यांवर बसलो. व्हाळाचा आवाज येत होता. माझ्याकडे आता सांगण्यासारखं शास्त्र उरलं नव्हतं, आणि ते उरलं नाही याचं मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या पायांना हात लावला.

“मामा, मी तुमची मळई घालवली. चुकीचं आहे हे कळल्यावरही गप्प बसलो, कारण मला माझा मोठेपणा सोडवत नव्हता. महादूला घर सोडावं लागलं, आईचा भाऊ तुटला. माझं चुकलं. मला माफ करा.”